मला खेळायला घेत नाहीत

बालवाडी सुटल्यावर चार वर्षांचं मूल आईला दिवसभराची बातमी देतं. तिच्यात नवं गाणं असतं, डब्यात काय उरलं ते असतं, कोणी चड्डीत शू केली तेही असतं. आणि अधूनमधून, चपलेचा पट्टा लावता लावता, एक वाक्य येतं: "मला खेळायला घेत नाहीत." वाक्याला कर्ता नसतो. कोण घेत नाही, कशात घेत नाही, कधीपासून, काहीच नाही. आईचं उत्तरही साधारण ठरलेलं असतं. "मग तू दुसऱ्या कोणाशी खेळ ना." नाहीतर "उद्या घेतील हं." स्कूटर सुरू होते, विषय संपतो.

इतक्या रोजच्या वाक्यावर कोणी संशोधन केलं असेल असं वाटत नाही. पण केलंय, आणि भरपूर. साठेक वर्षांत अमेरिका, कॅनडा, इंग्लंड, स्वित्झर्लंड इथल्या अभ्यासकांनी बालवाडीच्या कोपऱ्यात वही घेऊन बसून, मुलांना चित्रं दाखवून, आयांना आणि बाईंना विचारून या वयातल्या आपसातल्या त्रासाबद्दल बरंच गोळा केलं आहे. ते एकत्र वाचलं की एक गोष्ट मनात राहते. तीन ते सहा या वयात 'त्रास देणारं मूल' आणि 'सोसणारं मूल' असे साचे अजून पुरते घट्ट झालेले नसतात, पण त्रास मात्र अगदी खरा असतो. मोठी माणसं नेमकं उलटं धरून चालतात. मुलावर शिक्का पटकन मारतात आणि त्रासाला "लहान आहेत, चालायचंच" म्हणतात.

आधी शब्दाचीच अडचण आहे. 'दादागिरी' म्हटलं की गल्लीतला दादा डोळ्यांपुढे येतो, 'छळ' म्हटलं की सासर, 'रॅगिंग' म्हटलं की हॉस्टेल. चार वर्षांच्या पोराला यातलं काही बसत नाही. हल्ली पालक सरळ 'बुलिंग' म्हणतात आणि तो शब्द इतका सैल वापरतात की खोडरबर ओढून घेणंही त्यात मावतं. मुलांचे स्वतःचे शब्द मात्र नेमके असतात. ढकलतो, चिडवते, कट्टी घेतली, खेळायला घेत नाही.

शास्त्रालाही शब्द उसना आणावा लागला. स्वीडनमधले डॉक्टर पीटर-पॉल हाइनेमान यांनी १९६९ साली, पोरांच्या घोळक्याने एकाला घेरण्याला 'मॉबिंग' म्हटलं. प्राण्यांच्या वर्तनाचे अभ्यासक कोनराड लोरेन्ट्स यांच्या लिखाणातला हा शब्द. लहान पक्षी मिळून शिकारी पक्ष्याला हुसकावून लावतात, त्यासाठीचा. कावळे घुबडाला भंडावताना ज्याने पाहिलंय त्याला उपमा समजवावी लागणार नाही. पुढे डॅन ओल्वेउस यांनी घोळक्यावरची नजर काढून एकट्यादुकट्याच्या त्रासाकडेही वळवली. त्यांचं पहिलं पुस्तक १९७३ चं. १९८२ च्या अखेरीला नॉर्वेत तीन मुलांनी आत्महत्या केल्या, देश हादरला, आणि १९८३ मध्ये तिथे शाळाशाळांतून मोहीम सुरू झाली. ओल्वेउस यांच्या तीन कसोट्या आजही सगळीकडे वापरतात. दुखावण्याचा हेतू हवा, प्रकार पुन्हा पुन्हा घडायला हवा, आणि दोघांच्या ताकदीत एवढा फरक हवा की सोसणाऱ्याला स्वतःचा बचाव जमत नाही.

या कसोट्या आठवीतल्या मुलाला लावता येतात. साडेतीन वर्षांचा मुलगा हातातली गाडी शेजारच्याच्या डोक्यात हाणतो, तेव्हा त्याला ती गाडी एकट्याला हवी असते की शेजारच्याचं रडणं हवं असतं? बहुतेक वेळा त्यालाही माहीत नसतं. लंडनमधले पीटर स्मिथ आणि क्लेअर मंक्स यांनी लहान मुलांना काड्यांच्या माणसांची चित्रं दाखवून कुठल्या प्रसंगाला काय म्हणाल असं विचारलं. चार ते सहा वर्षांची मुलं 'वाईट वागणं' आणि 'वाईट नसलेलं वागणं' एवढे दोनच ढीग करतात. एकदाच झालं की रोज होतं, बरोबरीच्यांचं भांडण आहे की मोठा लहानाला मारतोय, हे बारकावे मोठेपणीचे. म्हणून मंक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या वयासाठी मोठा शब्द टाळला आणि 'विनाकारण केलेला हल्ला' अशा अर्थाचा साधा शब्द घेतला. मला हा सावधपणा आवडतो. ज्या पोराला अजून चपलेतला डावा-उजवा कळत नाही, त्याच्यावर आरोपपत्र ठेवू नये.

मारामारीबद्दल तर आपल्या समजुतीच उलट्या आहेत. मूल जन्मतः निरागस, मग टीव्ही, मोबाइल आणि वाईट संगत त्याला बिघडवते, असं आपण धरून चालतो. कॅनडातले रिचर्ड ट्रेम्ब्ले यांनी हजारो मुलांची वाढ वर्षानुवर्षं टिपली, तेव्हा दिसलं की हात उगारणं, चावणं, ढकलणं यांचं प्रमाण माणसाच्या आयुष्यात सगळ्यांत जास्त असतं ते दोन ते साडेतीन-चार वर्षांच्या सुमाराला. तिथून बहुतेकांचा आलेख खाली येतो. म्हणजे मूल मारायला कुठून शिकलं, यापेक्षा न मारायला कसं शिकतं हा प्रश्न जास्त कामाचा. बोलता यायला लागतं, थांबता यायला लागतं, "मला दे" म्हटल्यावर मिळतं असा अनुभव येतो, आणि हात खाली येतो.

काहींचा येत नाही, आणि का येत नाही याचा एक सुरेख पुरावा १९६७ सालचा आहे. जेराल्ड पॅटरसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बालवाडीत बसून एकेक झटापट टिपली. एकाने दुसऱ्याचं खेळणं ओढलं, की पुढे काय झालं? दुसरा रडला किंवा खेळणं सोडून मागे सरकला, तर पहिला पुढच्या वेळीही त्याच मुलाकडे आणि त्याच पद्धतीने येण्याची शक्यता वाढायची. दुसऱ्याने परत ओढलं किंवा बाई आल्या, तर पहिला मुलगा तरी बदलायचा नाहीतर रीत तरी. यात क्रौर्य शोधावं लागत नाही. हाणलं, गाडी मिळाली, एवढंच. गिऱ्हाईक जिथे उधारी बुडवता येते त्याच दुकानात परत जातं, तसं. अभ्यासाची अस्वस्थ करणारी बाजू पुढे आहे. जी शांत मुलं सोसून सोसून एकदा उलटून मारायची आणि ते यशस्वी व्हायचं, त्यातली बरीच पुढे स्वतःच हल्ले सुरू करणारी झाली.

"तूही एक ठेवून दे" हा सल्ला देणाऱ्या आजोबांना हे दाखवायला हवं. सल्ला चालतो, हे खोटं नाही. फक्त तो चालल्यावर वर्गात मारणारं एक मूल वाढलेलं असतं.

हात दिसतो, जीभ दिसत नाही. १९९० च्या दशकापर्यंत या विषयातलं बहुतेक काम मुलग्यांवर होतं, कारण मोजायला सोपं तेच मोजलं जात होतं. निकी क्रिक यांनी दाखवलं की दुखावण्याचं दुसरं हत्यार म्हणजे नातं. "तू असं केलं नाहीस तर माझी मैत्रीण नाहीस." "हिच्याशी कोणी बोलू नका." आणि जगभरातल्या बालवाड्यांचं आवडतं अस्त्र: "तुला बड्डेला बोलावणार नाही." वाढदिवस आठ महिन्यांवर असला तरी धमकी लागू पडते. शिक्षकांना द्यायच्या प्रश्नावलीत क्रिक यांनी वाढदिवसाचं हे कलम मुद्दाम घातलं होतं. १९९७ च्या त्यांच्या अभ्यासाने सिद्ध केलं की हे सगळं तीन ते पाच वर्षांच्या मुलांमध्येही असतं, आणि बाईंच्या मते मुलींमध्ये जास्त. मुलींबद्दलचा भाग मी जरा हात राखून वाचतो. तो बऱ्याच अंशी बाईंच्या सांगण्यावर उभा आहे, आणि मुलगी मुलगी म्हणून काय करेल याच्या अपेक्षा बाईंच्याही मनात असतातच. मुख्य मुद्दा मात्र टिकतो. या प्रकारात आवाज होत नाही, रक्त येत नाही, त्यामुळे तो मोठ्यांना दिसत नाही. चावल्याचा वळ संध्याकाळी घरी जातो आणि त्याची तक्रार दुसऱ्या दिवशी शाळेत येते. बाहुलीच्या कोपऱ्यातून तिसऱ्यांदा हाकललेल्या मुलीकडे दाखवायला काही नसतं.

इथे आपल्या कट्टीबद्दल दोन शब्द. कट्टी हा नातं तोडण्याचा विधी आहे, पण त्याला बट्टी जोडलेली आहे. करंगळी झटकायची, मग दोन बोटं जुळवायची, आणि अर्ध्या तासात प्रकरण मिटलेलं. दोघांनाही खुणा ठाऊक, दोघांनाही परतीची वाट ठाऊक. ही भांडणं मोजून चिंता करायचं कारण नाही. कट्टी एकाच मुलीशी, सगळ्यांची मिळून, आणि बट्टीविना लांबायला लागली की तिला दुसरं नाव द्यावं लागतं.

आता साच्यांचा प्रश्न. मंक्स, स्मिथ आणि स्वेटनहॅम यांचा २००३ चा अभ्यास इथे पायाभूत आहे. त्यांनी मुलांनाच विचारलं, तुमच्या वर्गात कोण मारतं, कोणाला मारतात, कोण मधे पडतं. मोठ्या शाळांमध्ये या वर्णनात आणखी पात्रं असतात: दादाचे हस्तक, बाजूला उभं राहून हसणारे, पाहून न पाहिल्यासारखं करणारे. फिनलंडच्या क्रिस्टिना साल्मिव्हाली यांनी ती पात्रं फार बारकाईने उभी केली आहेत. बालवाडीत हस्तक आणि हसणारे जवळपास सापडतच नाहीत. मूल एकट्याने ढकलतं, एकट्याने रडतं. दुसरं निरीक्षण त्याहून महत्त्वाचं. काही महिन्यांनी पुन्हा विचारलं तर मारणारी नावं बरीचशी तीच येतात, पण मार खाणारी बदललेली असतात. मारणारं मूल आज याला, उद्या त्याला हात लावून पाहतं. कोण रडतं, कोण गाडी सोडतं याची चाचपणी चालू असते. पॅटरसनच्या झटापटी आठवाव्यात. ज्याच्याकडे चाचपणी सारखी यशस्वी होते, तो हळूहळू ठरलेला होतो.

सगळेच निसटत नाहीत, हेही खरं. एडवर्ड बार्कर आणि सहकाऱ्यांनी क्युबेक प्रांतातल्या १,९७० मुलांचा तीन-साडेतीन वर्षांपासून पहिलीपर्यंत मागोवा घेतला आणि २००८ साली निष्कर्ष छापले. ७१ टक्के मुलांना त्रास कमी होता आणि हळूहळू थोडा वाढत गेला. २५ टक्क्यांना मध्यम होता आणि वाढत गेला. ४ टक्के मुलं अशी होती की पहिल्यांदा पाहिलं तेव्हापासूनच त्रास जास्त आणि टिकून. तीसच्या वर्गात सरासरी एखादं मूल. ते कोणतं असेल याचे धागे आणखी मागे जात होते: सतराव्या महिन्यातच जास्त हात चालवणारी मुलं, घरात पैशाची ओढाताण, आणि आईबापांचा कडक, मारझोडीचा हात. म्हणजे ज्याला सगळ्यांत जास्त सोसावं लागतं ते मूल गरीब बिचारं, कोपऱ्यात बसणारंच असेल असं नाही. ते आधी दुसऱ्यांना मारणारंही असू शकतं. बर्नमध्ये सोन्या पेरेन आणि फ्रान्सुआज आल्साकर यांनी पाच ते सात वर्षांच्या ३४४ मुलांकडे पाहिलं, तेव्हा मार खाणारी आणि देणारीही, अशी मुलं वर्गात सगळ्यांत आक्रमक निघाली. नुसती सोसणारी मुलं दबून राहणारी, पुढाकार न घेणारी, खेळगडी कमी असलेली होती. नुसती त्रास देणारी मात्र एकटी नव्हती. त्यांचे गट मोठे होते आणि ती एकमेकांशी जुळवून होती.

हे शेवटचं वाक्य चित्रपटातल्या दादाला धक्का देणारं आहे. सिनेमातला दादा घरी मार खाल्लेला आणि आतून एकाकी असतो. बालवाडीतल्या काही दादांना गोड बोलणंही उत्तम जमतं. पॅट्रिशिया हॉली यांनी लहान मुलांना एकाच खेळण्यासमोर जोडीने बसवून पाहिलं. काही मुलं कधी ओढून घ्यायची, कधी "आधी तू, मग मी" म्हणून गोडीगुलाबीने मिळवायची, आणि दोन्ही येणारी ही मुलं सोबत्यांमध्ये चांगली लोकप्रिय होती. बाई म्हणतात, "तो? तो तर किती हुशार आहे, सगळ्यांना आपलं ऐकायला लावतो." बाई चुकीचं बोलत नसतात, अर्धंच बोलत असतात.

मग या सगळ्याचं मनावर काय होतं? इथे जुना वाद आहे. हळवं, एकलकोंडं मूल आधीच तसं असतं म्हणून त्याला त्रास होतो, की त्रास होतो म्हणून ते तसं होतं? बेकी कोखेनडर्फर आणि गॅरी लॅड यांनी १९९६ साली शाळेच्या पहिल्याच वर्षातली २०० मुलं वर्षाच्या सुरुवातीला आणि शेवटाला तपासली. त्रास आधी येत होता, एकटेपणा आणि शाळेत जायला नको वाटणं मागून येत होतं. त्रास जितका लांबला तितका हा परिणाम जास्त. काही दिवसांचा त्रास थांबल्यावरही एकटेपणा लगेच विरघळत नाही, हे पुढच्या कामात दिसलं.

जुळ्यांवरचा ब्रिटिश अभ्यास या वादात सगळ्यांत वजनदार आहे. इंग्लंड-वेल्समध्ये १९९४-९५ साली जन्मलेल्या १,११६ जोड्या, म्हणजे २,२३२ मुलं, पाच वर्षांची असल्यापासून पाहिली जात आहेत. लुईझ आर्सनो यांनी २००६ मध्ये दाखवलं की पाच ते सात वर्षांच्या दरम्यान ज्यांना त्रास झाला, त्यांच्या मनाच्या आणि वागण्याच्या तक्रारी सातव्या वर्षी जास्त होत्या, पाचव्या वर्षीच्या तक्रारी हिशोबातून वजा केल्यावरही. पुढे एकसारख्या जुळ्यांपैकी एकाला त्रास झाला आणि दुसऱ्याला नाही, अशा जोड्या घेतल्या. रक्त एक, घर एक, आई एक. तरी ज्याला त्रास झाला त्याच्यात चिंता आणि खिन्नता जास्त निघाली. जन्मजात हळवेपणाचं स्पष्टीकरण इथे पुरं पडत नाही.

दूरवरचा परिणाम पाहायचा तर १९५८ साली एका आठवड्यात जन्मलेल्या ब्रिटिश मुलांकडे जावं लागतं. त्यातल्या ७,७७१ जणांच्या पालकांनी मुलं सात आणि अकरा वर्षांची असताना त्रासाबद्दल सांगितलं होतं. र्‍यू ताकिझावा, आर्सनो आणि सहकाऱ्यांनी २०१४ साली छापलेल्या निष्कर्षांनुसार, ज्यांना वारंवार त्रास झाला त्यांच्यात पन्नाशीतही नैराश्य आणि चिंता जास्त होती, माणसांचा गोतावळा कमी होता. पण ही मुलं सात वर्षांपुढची. बालवाडीत कोणी ढकललं म्हणून पन्नाशी वाया गेली असा अर्थ यातून काढणं हा अडाणीपणा ठरेल, आणि वर्तमानपत्रांत तसे मथळे येतात म्हणून हे लिहून ठेवलेलं बरं.

चार वर्षांच्या मुलाचं दुःख 'मला नैराश्य आलंय' अशा रूपात येत नाही. ते पोटातून येतं. रविवारी पोट दुखत नाही, सोमवारी सकाळी सात वाजता दुखतं. वर्षभरापूर्वी सुटलेलं अंथरूण ओलं करणं परत येतं. डबा न उघडता घरी येतो. घरातल्या बाहुलीला किंवा धाकट्या भावाला तेच ऐकवलं जातं जे शाळेत स्वतः ऐकलेलं असतं. आणि काही मुलांचा स्वतःबद्दलचा निवाडा ठरतो: मी घाणेरडा आहे, म्हणून घेत नाहीत. या वयात जगात जे घडतं ते आपल्यामुळे, असं मुलाला सहज वाटतं. अंगाचा रंग, घरची बोली, डब्यातला पदार्थ यांवरून कोणी नाक मुरडलं, तर मूल ते नाक स्वतःपुढेही मुरडायला शिकतं. आपल्याकडे हे 'नाक मुरडणं' मुलांनी स्वतः शोधलेलं नसतं. "त्याच्याजवळ बसू नकोस" हे घरातून डब्यासोबत येतं, आणि त्यामागे अनेकदा जात असते.

मुलं याबाबत किती तीव्र असतात हे मालिंडा कार्पेंटर आणि हॅरिएट ओव्हर यांच्या प्रयोगांतून कळतं. पाच वर्षांच्या मुलांना एक छोटी चित्रफीत दाखवली. माणसं नाहीत, नुसते रंगीत आकार. एक आकार जवळ जातो, बाकीचे दूर पळतात. एवढं पाहिलेली मुलं नंतर समोरच्या माणसाची नक्कल जास्त नेमकी करू लागली, जणू आपल्याला गटात ठेवा म्हणत होती. दुसऱ्या प्रयोगात अशी फीत पाहिल्यावर मुलांना माणसांचं चित्र काढायला सांगितलं, तेव्हा त्यांनी माणसं एकमेकांच्या जास्त जवळ काढली. त्रिकोणाला खेळायला घेतलं नाही म्हणून चार-पाच वर्षांचं मूल हलतं. स्वतःला घेतलं नाही तर काय होत असेल?

घराचा वाटा दोन्ही बाजूंनी आहे. मायकल ट्रॉय आणि ॲलन स्राऊफ यांनी १९८७ मध्ये चार-पाच वर्षांच्या मुलांच्या जोड्या लावून पाहिलं. बाळपणी ज्यांचं आईशी नातं निर्धास्त होतं ती मुलं ना दुसऱ्याला पिडत होती, ना पिडली जात होती. जिथे पिळवणूक दिसली तिथे दोन्ही मुलांच्या बाळपणी ते निर्धास्तपण नव्हतं. याचा वापर आईला दोष द्यायला फार झाला, तो मला मान्य नाही. त्याच जुळ्यांच्या अभ्यासातून लूसी बोव्स यांनी २०१० साली दुसरी बाजू मांडली. त्रास झालेल्या मुलांपैकी ज्यांच्या घरी आईची माया होती, भावंडांशी गोडी होती, घरातलं वातावरण शांत होतं, ती बरीच सावरली. माया त्रास थांबवत नाही, पण त्याचा घाव खोल जाऊ देत नाही.

त्रास थांबवायची जागा वर्ग आहे, आणि तिथे सगळ्यांत आधी मारलं जातं ते मुलाचं सांगणं. "बाई, हा बघा ना!" याला उत्तर मिळतं, "चुगल्या करू नकोस." पन्नास तक्रारींत एकोणपन्नास क्षुल्लक असतात हे कुठल्याही बाई शपथेवर सांगतील. पण मूल एकदाच शिकतं की सांगून उपयोग नाही, आणि नेमकी पन्नासावी तक्रार पोटात राहते. आल्साकर यांच्या बर्नमधल्या उपक्रमात मुलांना धडे देण्याआधी बाईंना गटाने बसवलं गेलं. आपल्या वर्गात काय चालतं ते पाहायला आणि नाव घेऊन बोलायला त्या शिकल्या, मग मुलांसोबत नियम ठरले, न सोसण्याबद्दल आणि सांगण्याबद्दल उघड बोलणं झालं. जिथे हे झालं तिथे त्रास होणारी मुलं कमी झाली, जिथे झालं नाही तिथे वाढली. डेन्मार्कमध्ये २००७ पासून एक जांभळं अस्वल बालवाड्यांत फिरतं. मोठं अस्वल वर्गाचं आणि प्रत्येक मुलाचं छोटं. मुलं गोष्टी ऐकतात, एकमेकांच्या पाठीवर हात फिरवून मालीश करतात. मालीशचं ऐकून मलाही हसू आलं होतं. पण ज्याची पाठ तुम्ही रोज चोळता त्याला ढकलणं अवघड जात असावं.

खोलीही बोलते. स्मिथ आणि केव्हिन कनॉली यांनी शेफील्डमध्ये खेळगट चालवून जागा आणि खेळणी बदलत पाहिली, ते काम १९८० साली पुस्तकरूपात आलं. दर मुलामागे पंचाहत्तर चौरस फूट असोत की पंचवीस, फारसा फरक पडला नाही. पंधरा चौरस फुटांवर मात्र भांडणं वाढली. खेळणी जास्त दिली तर भांडणं घटली, पण वाटून घेणंही घटलं. मुंबई-पुण्यातल्या इमारतीच्या तळमजल्यावरच्या दोन खोल्यांत चालणाऱ्या नर्सरीला पंधराचा आकडा भिंतीवर लावून ठेवण्यासारखा आहे. राष्ट्रीय बालशिक्षण धोरणाने २०१३ साली तीन ते सहा वयासाठी वीस मुलांमागे एक मोठं माणूस सांगितलं आहे. तीस मुलं, एक टीचर आणि दाराशी मावशी अशा वर्गात पॅटरसनच्या झटापटीत मधे पडायला कोणीच नसतं.

ताराबाई मोडक यांना हे आकडे माहीत असायचं कारण नव्हतं. त्यांनी गिजुभाई बधेकांसोबत भावनगरला जी बालशिक्षणाची वाट धरली आणि १९४५ पासून बोर्डीला, मग अनुताई वाघ यांच्यासोबत कोसबाडला आदिवासी मुलांपर्यंत नेली, तिचं मूळ माँटेसरीत होतं. माँटेसरीच्या वर्गात प्रत्येक साधन एकच असतं. मनोरा दुसऱ्याकडे आहे, मग थांब. थांबणं हा रोजचा धडा होतो, शिक्षा राहत नाही. मूल वाडीपर्यंत येत नाही म्हणून ताराबाईंनी वाडीच त्याच्या अंगणात नेली, आणि अंगणात तीन वर्षांचं, सहा वर्षांचं, कडेवरचं, सगळंच असतं. आजच्या अंगणवाडीलाही हा मिश्र वयाचा फायदा फुकट मिळतो. सहा वर्षांची ताई तीन वर्षांच्याला हाताला धरून हात धुवायला नेते, तेव्हा तिचा मोठेपणा मारण्यावाचून मिरवला जातो. खासगी नर्सरीत सगळे सारख्याच वयाचे. तिथे मोठेपण सिद्ध करायला ढकलूनच दाखवावं लागतं.

आणि आपल्या खेळांत एक सोय होती जिच्यावर कोणी प्रबंध लिहिला नसेल: लिंबूटिंबू. लपाछपी किंवा पकडापकडीत धाकटं भावंड मागे लागलं की मोठी मुलं ते मान्य करायची, पण राज्य त्याच्यावर यायचं नाही. ते धावायचं, ओरडायचं, आउट मात्र व्हायचं नाही. खेळ बिघडत नाही आणि मूल बाहेर राहत नाही. त्या पदवीत थोडा अपमान आहेच. पाच वर्षांच्या मुलाला लिंबूटिंबू म्हटलेलं आवडत नाही, आणि एक दिवस ते बजावतं की आता माझ्यावरही राज्य यायला हवं. पण दार उघडं ठेवायची ही युक्ती मुलांनीच मुलांसाठी काढलेली आहे.

शिकागोतल्या बालवाडी शिक्षिका व्हिव्हियन पेली यांनी हाच दरवाजा नियमाने उघडला. 'तू खेळायचं नाहीस असं म्हणायचं नाही' हा त्यांचा नियम, त्याच नावाचं पुस्तक १९९२ चं. नियम लावण्याआधी त्या महिनोन् महिने मुलांशीच बोलत राहिल्या. हाकलली जाणारी मुलं लगेच राजी झाली. हाकलणाऱ्यांपैकी एका मुलीला मात्र पटेना. मला हवं तेच खेळायला मिळणार नसेल तर खेळायचंच कशाला, असा तिचा सवाल होता, आणि तो फालतू नाही. दशकभराने काही वर्गांत हा नियम तपासून पाहिला गेला तेव्हा निकाल मिश्र आला. मुलांना एकमेकांशी खेळायला जास्त आवडू लागलं, आणि आपल्या मैत्रीबद्दलची नाराजीही वाढली. आधी जे कळत नव्हतं ते कळायला लागलं, असा मी त्याचा अर्थ लावतो. दुसरे वेगळा लावतात.

पेली मोठ्या वर्गांतही गेल्या होत्या. पाचवीपर्यंतच्या मुलांसमोर त्यांनी हा नियम ठेवला आणि मत विचारलं. नियम न्यायाचा आहे, हे मोठ्या मुलांनी मान्य केलं. कोणाला कधी बाहेर ठेवलं होतं, ते त्यांना वर्षांपूर्वीचंही आठवत होतं. पण आमच्या वर्गात तो आता चालायचा नाही, असं ती म्हणाली. लावायचाच असेल तर अगदी लहान मुलांपासून लावा.